नोंदणीकृत मृत्युपत्राला आव्हान देता येतं का?

‘रजिस्टर केलेलं मृत्युपत्र मोडता येत नाही’ असं कुणीतरी सांगतं आणि नाशिककर घरी बसतात. त्यांचे आलेले काही प्रश्न घेतो.

प्रश्न (पंचवटी): आत्याने पुतण्याच्या नावे नोंदणीकृत मृत्युपत्र केलं. त्याला आव्हान देता येईल?

उत्तर: येईल.

प्रश्न (निफाड): वडील शेवटची दोन वर्षं धाकट्या भावाकडे होते. त्यांना स्मृतिभ्रंश होता. त्याच काळात बँकेतून मोठ्या रकमा निघाल्या आणि द्राक्षबागेसकट सगळी जमीन भावाच्या नावे झाल्याचं मृत्युपत्र निघालं. वर्षश्राद्धापर्यंत थांबलो. आता काय करावं?

उत्तर: थांबलात, तेच सलतं. भाऊबंदकी नको म्हणून लोक थांबतात आणि तोवर पुरावा जातो. आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. पुढे मिळतीलच असं नाही. दवाखान्याची फाइल, बँकेचे उतारे, पैसे काढल्याच्या स्लिपा आजच लेखी मागा. नकार आला तर कोर्टामार्फत मागवता येतात.

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं म्हणजे मृत्युपत्र आपोआप बाद होत नाही. सही केली त्या वेळी वडिलांना भान होतं का, हे पाहिलं जातं. सेवा करणाऱ्या मुलाला जास्त देणं हाही गुन्हा नाही. पण लाभ घेणाऱ्यानेच मृत्युपत्र करवण्यात पुढाकार घेतला असेल, तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते; सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच हे सांगितलंय. फसवणूक किंवा दडपण मात्र तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. आणि जमीन वडिलोपार्जित असेल, तर वडिलांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. सातबाऱ्याचे जुने फेरफार (नाव बदलल्याच्या नोंदी) काढा.

तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली असेल तर हरकतीला पंधरा दिवस असतात. फेरफाराने मालकी ठरत नाही, तरी हरकत घ्याच. दाव्याची मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची हे गावात विचारू नका. सगळे कागद घेऊन याच आठवड्यात दिवाणी वकील गाठा.

प्रश्न (सिन्नर): आई गेल्यावर भावाने कुलमुखत्यारपत्रावर पैसे काढले. चालतं?

उत्तर: नाही. माणूस गेला की ते अधिकार संपतात. बँकेला मृत्यूचा दाखला द्या; पोलिसांत जाण्याआधी वकिलाशी बोला.

प्रश्न (गंगापूर रोड): एक एजंट ‘मृत्युपत्र रद्द करून देतो’ म्हणतो, मिळकतीत वीस टक्के मागतो.

उत्तर: त्याला कोऱ्या कागदावर सही सोडाच, झेरॉक्सही देऊ नका. मृत्युपत्र कोर्ट रद्द ठरवतं. टक्केवारीवर फी ठरवायला तर वकिलालाही मनाई आहे.

प्रश्न (सिडको): आजीने मुलाला घर बक्षीसपत्राने दिलं. आता तो तिला जेवायलाही विचारत नाही.

उत्तर: आजी हयात आहेत, म्हणून मार्ग सोपा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. सांभाळण्याची अट दस्तात आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. दस्ताची नक्कल वकिलाला दाखवा. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.