घरामागे पाणी ठेवलंय पण ट्रेल कॅमेऱ्यात प्राणी येतच नाहीत, कुठला कॅमेरा घेऊ?

कॅमेरा बदलू नका, तोंड बदला. कॅमेऱ्याचं.

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅरिझोनात फिनिक्सला घर घेतलंय, मागे पाण्याची बशी ठेवली, ट्रेल कॅमेरा (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा) लावला, महिनाभरात फक्त हलणारं गवत मिळालं आणि आता तिप्पट किमतीचा कॅमेरा घ्यायचा विचार आहे. मी पण अ‍ॅरिझोनातच, टूसॉनला राहते, आमच्याकडे हेच झालं होतं, फक्त त्यात नवरापण होता.

आमच्या घरामागे वॉश आहे, म्हणजे पावसाळ्यातच वाहणारा कोरडा ओढा. मधे भिंत नाही. कुंडीखाली ठेवतात ती मोठी खोलगट बशी भरून ठेवली आणि शेडच्या पश्चिमेकडच्या भिंतीसमोर कॅमेरा लावला. जून महिना, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, मान्सून अजून लांब. आपल्याकडे मेळघाटात बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर प्राणी मोजतात ते उगाच नाही, बाकी सगळं आटलं की जे उरतं तिथेच सगळे येतात. इथे ते दिवस म्हणजे जून. तर रोज सकाळी बशी जवळजवळ रिकामी आणि कार्डावर काही नाही. मी म्हटलं कोणीतरी पिऊन जातंय. नवरा म्हणाला बाष्पीभवन. इंजिनिअर माणूस, त्याने एका कागदावर गणितही करून दाखवलं आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला. आठवडाभर घरात तोच शब्द ऐकलाय मी!

मग मी तशीच दुसरी बशी आणली, त्याच जागी, तेवढंच पाणी, आणि वर बारीक तारेची जाळी टाकून कडेला दगड ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फूटपट्टी लावली. जाळीवाली अर्धा-पाऊण इंच उतरली होती. उघडी तीन इंच.

मग कॅमेरा का बघत नव्हता? हे कॅमेरे प्राणी ओळखत नाहीत, ते अंगाची उष्णता आणि मागची उष्णता यातला फरक ओळखतात. मागे दिवसभर तापलेली भिंत असेल तर रात्री नऊलासुद्धा ती प्राण्याच्या अंगाएवढीच गरम असते, मग समोरून अख्खा कळप गेला तरी याला काही कळत नाही. उलट उन्हात गवत हललं की धडाधड फोटो. मी कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून, मागे मोकळी जमीन येईल असा, गुडघ्याच्या उंचीवर, बशीपासून आठ-दहा फुटांवर लावला आणि समोरचं गवत उपटलं. पहिल्याच रात्री सात हावेलीना. (दिसायला रानडुक्कर, पण डुकराच्या कुळातले नाहीत.) निवडुंग खाऊन बरंचसं पाणी भागवणारे हे प्राणी, तरी एकाने बशीत दोन्ही पाय घालून ठेवले होते. नंतर बॉबकॅट (रानमांजर), ग्रे फॉक्स (करडा कोल्हा), पहाटे तुरेवाले गॅम्बेल्स क्वेल (लाव्यांसारखे पक्षी), आणि सग्वारोची, म्हणजे इथल्या उंच निवडुंगाची, फळं पिकली तसे पांढऱ्या पंखांचे होले.

नवऱ्याला फोटो दाखवले तर म्हणतो, फोटो ठीक आहेत, पण जाळीमुळे सावली पडली आणि वारा अडला म्हणून तुझ्या बशीतलं पाणी कमी उडालं. सात हावेलीना समोर असताना.

तर कुठलाही साठेक डॉलरचा कॅमेरा चालेल, एवढंच बघा की रात्रीचा दिवा न दिसणारा आहे, लाल चमकणारा नको. सेल लिथियमचे घाला. मेगापिक्सेलच्या आकड्यांवर एक पैसा जास्त देऊ नका, ती निव्वळ फसवणूक आहे.

हे आधी सांगायला हवं होतं, पण बशीत एक उतरता दगड ठेवा, नाहीतर पाली-सरडे आत पडून मरतात. पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण ओता, डास होतात. दिवसा मधमाश्या येतील, इथल्या मधमाश्या तापट आहेत, तेव्हा बशी घराच्या दारापासून लांब. कुत्रा असेल तर रात्री मोकळा सोडू नका, हावेलीना कुत्र्याला फाडतात. आणि खायला काहीही ठेवायचं नाही, तुमच्या आणि आमच्या दोन्ही काउंटीत पक्षी आणि खारी सोडून जंगली प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे.

यंदाच्या जूनमध्ये नवऱ्याचं म्हणणं आहे की दोन्ही बश्यांवर जाळी टाकायची, एकीची फक्त वीतभर उचलून धरायची, म्हणजे सावली सारखी. बरोबर आहे त्याचं, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. विटा आणून ठेवल्यात.