उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने टीव्हीवर मुलाखत द्यावी का? कायद्याने बंदी आहे का?

देऊ नये. कायद्यात तसं कलम नाही, पण १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी जी १६ कलमी आचारसंहिता मान्य केली तिच्यात स्पष्ट आहे: निकालातूनच बोला, मुलाखती देऊ नका.

तुम्ही बहुधा कलकत्त्याच्या न्या. अभिजित गंगोपाध्याय यांच्यावरून विचारताय. पश्चिम बंगालच्या शिक्षक भरती घोटाळ्याचं प्रकरण त्यांच्याचपुढे चालू असताना सप्टेंबर २०२२ मध्ये ते एबीपी आनंद या बंगाली वृत्तवाहिनीवर बोलले आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशाकडे द्यायला लावलं. आमच्या मेहुण्यांचे ते हीरो. "बोलले तर बिघडलं कुठे?"

कुठे बिघडतं ते मी टाइप केलंय. तालुका कोर्टात मी स्टेनो होतो. साहेब असे, की वकिलाने आणलेला पेढाही घ्यायचे नाहीत. एका १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर केबलवाल्या पोराने माइक पुढे केला. साहेब हसत म्हणाले, "दावे लांबतात, कारण प्रतिवादीलाच निकाल नको असतो." रात्री ते घरोघरी दिसलं. तेव्हा एक वाटपाचा दावा निकालावर ठेवलेला होता. कोर्ट उघडताच प्रतिवादीच्या वकिलाने दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज टाकला. जिल्हा न्यायाधीशांनी अभिप्राय मागवला. साहेबांनी मला चार पानं सांगितली, दोनदा चष्मा पुसला, पानं फाडायला लावली आणि एकच ओळ दिली: वर्ग करण्यास हरकत नाही.

निम्मा निकाल माझ्या शॉर्टहँडच्या वहीत तसाच राहिला. नव्या कोर्टात युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून. वादी बाई सत्तरीच्या. माझ्या टेबलापाशी येऊन विचारायच्या, "साहेबांनी लिहिलं होतं ना हो?" मी फायलीत तोंड घालायचो.

मेहुणे मग सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी २०१८ मध्ये घेतलेल्या पत्रकार परिषदेचं तुणतुणं लावतात. अहो, त्यांची तक्रार कुठलं प्रकरण कुठल्या न्यायाधीशाकडे द्यायचं याबद्दल होती. स्वतःपुढच्या पक्षकाराबद्दल ते बोलत नव्हते. आणि गंगोपाध्याय मार्च २०२४ मध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, खासदार झाले. आता ती मुलाखत न्यायाधीशाची धरायची की उमेदवाराची, हे मेहुण्यांनी सांगावं.

हां, घोटाळा खोटा नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २५ हजारांवर नेमणुका रद्दच ठरवल्या. आणि निवृत्तीनंतर कोणी बोलत असेल तर माझी ना नाही. आमचे साहेब तेव्हाही बोलले नाहीत, तो भाग वेगळा.