वाचकांचे प्रश्न : सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू कोण, आणि कशावरून?

प्रश्न : सर्वकाळच्या श्रेष्ठ बास्केटबॉलपटूंमध्ये पहिला क्रमांक कोणाला द्यायचा, यावरून माझा आणि धाकट्या भावाचा वाद मिटता मिटत नाही. सहा वेळा अंतिम फेरी गाठून सहाही वेळा जिंकणारा मायकेल जॉर्डनच पहिला, असे त्याचे म्हणणे आहे. मी लेब्रॉन जेम्सच्या बाजूचा आहे, कारण एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या इतिहासात सर्वाधिक गुण त्याच्या नावावर आहेत. आमच्यापैकी कोणाची कसोटी योग्य मानावी?

उत्तर : तुम्ही दोघेही मोजायला सोप्या अशा एकेका आकड्यावर विसंबला आहात आणि दोन्ही आकडे अपुरे आहेत.

विजेतेपद मिळते ते संघाला. रॉबर्ट हॉरी सात विजेत्या संघांत होता, म्हणजे जॉर्डनपेक्षा एकाने अधिक; पण त्याची निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी एकदाही निवड झाली नाही आणि त्याला जॉर्डनच्या वर कोणीच ठेवणार नाही. उलट १९८८ साली जॉर्डन एमव्हीपी, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, सर्वोत्तम बचावपटूही ठरला आणि गुणांच्या सरासरीतही पहिला आला. तरी त्याच्या संघाला पहिले विजेतेपद मिळायला १९९१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात त्याच्या खेळात काही उणे होते असे म्हणता येत नाही. उणे होते ते त्याच्या भोवतीच्या संघात. शिवाय ‘सहापैकी सहा’ या हिशेबात आणखी एक अन्याय दडलेला आहे. लेब्रॉन दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा जिंकला, म्हणून सहा पराभव त्याच्या खात्यावर मांडले जातात. जॉर्डनचा संघ ज्या वर्षी आधीच्याच फेरीत बाद झाला, ती वर्षे मात्र मोजलीच जात नाहीत. अंतिम फेरीत हरण्यापेक्षा तिथवर न पोहोचणे अधिक मानाचे, असा याचा अर्थ होतो आणि तो मला अजिबात पटत नाही.

आता तुमच्या आकड्याकडे वळू. करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम लेब्रॉनने ७ फेब्रुवारी २०२३ रोजी मोडला आणि पुढे ४०,००० चा टप्पाही ओलांडला. ही कामगिरी प्रचंडच आहे. परंतु लेब्रॉन शाळा संपताच, वयाच्या अठराव्या वर्षी, थेट एनबीएत उतरला. करीम कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण करून १९६९ साली बाविसाव्या वर्षी आला. जॉर्डन तीन वर्षे कॉलेजकडून खेळला होता आणि पुढे ऐन बहरात तो बेसबॉलकडे वळला. एकूण गुणांच्या बेरजेत खेळाडूचे कौशल्य जितके असते, तितकीच त्याला मैदानावर मिळालेली वर्षेही असतात.

माझी कसोटी अशी आहे : त्या खेळाडूमुळे त्याचा संघ त्या काळातल्या इतर संघांपेक्षा किती वरचढ ठरला, हे वरचढपण निर्णायक सामन्यांत टिकले का, आणि ते किती वर्षे टिकले. ही कसोटी लावताना आकडेवारी वापरावीच लागते, पण आकडेवारीत काय आले नाही हेही तपासावे लागते. १९६१-६२ चा हंगाम याबाबतीत विशेष बोलका आहे. त्या वर्षी विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले आणि २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात १०० गुणांचा विक्रम केला. बॉस्टनच्या बिल रसेलची सरासरी होती १८.९. तरीही एमव्हीपी म्हणून निवड झाली ती रसेलची, आणि ती निवड त्या काळी खेळाडूंच्याच मतदानाने होत असे. याउलट क्रीडा-पत्रकारांनी निवडलेल्या, हंगामातील सर्वोत्तम पाच जणांच्या पहिल्या संघात सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा खेळाडू, म्हणून चेंबरलेन आला आणि रसेल दुसऱ्या संघात गेला. जे लांबून पाहून लिहीत होते त्यांना चेंबरलेन मोठा वाटला, आणि ज्यांना या दोघांसमोर उभे राहून बास्केट करावी लागत होती त्यांना रसेल.

मी इथे खेळाडूंच्या बाजूने आहे. रसेल प्रतिस्पर्ध्याचा फटका अडवताना चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देत नसे. तो बोटांनी हलकेच आपल्याच सहकाऱ्याकडे वळवत असे, आणि त्यामुळे अडवलेल्या प्रत्येक फटक्यातून बॉस्टनच्या वेगवान आक्रमणाला सुरुवात होई. यातला एकही ब्लॉक अधिकृत नोंदीत नाही, कारण एनबीएने ब्लॉक (अडवलेला फटका) आणि स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेला चेंडू) यांची मोजणी सुरू केली ती १९७३-७४ पासून. नोंदीत दिसते ते एवढेच, की १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत त्याच्या संघाने अकरा विजेतेपदे मिळवली. विजेतेपदे संघाची असतात हे मी वर म्हटलेच आहे. पण त्या संघाची मदार बचावावर होती आणि बचावाची मदार रसेलवर, त्यामुळे इथे त्यांचे वजन अधिक धरावे लागते.

लेब्रॉनच्या बाबतीतही असेच एक उदाहरण आहे. २०१६ च्या अंतिम फेरीचा सातवा सामना ८९-८९ असा बरोबरीत होता आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता. आंद्रे इग्वोडाला मोकळ्या बास्केटकडे झेपावला, तेव्हा मागून जवळजवळ सबंध मैदान धावत आलेल्या लेब्रॉनने त्याचा चेंडू बोर्डावर दाबून धरल्यासारखा अडवला. तक्त्यात तो केवळ एक ब्लॉक आहे, पण सात सामन्यांच्या त्या फेरीत ३-१ ने मागे पडलेल्या त्याच्या क्लीव्हलँड संघाला मिळालेल्या विजेतेपदात त्याचा वाटा फार मोठा आहे.

आता माझा कौल. काटेकोर क्रमांकांपेक्षा गट करणे मला योग्य वाटते. खुद्द एनबीएने १९९६ साली पन्नास श्रेष्ठ खेळाडू निवडले तेव्हा त्यांना क्रमांक दिले नव्हते. पहिल्या गटात मी जॉर्डन, लेब्रॉन, करीम आणि रसेल या चौघांनाच ठेवतो. त्यांच्यातही निवड करायची झाली तर जॉर्डन पहिला, कारण त्याच्या शिखरकाळात आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंनी त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, आणि सहाही अंतिम फेऱ्यांत सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. म्हणजे तुमच्या भावाचे उत्तर बरोबर, मात्र कारण अपुरे. दुसऱ्या जागेसाठी मी करीमचा विचार करायला सांगेन, कारण तुमच्या वादात त्याचे नावही नाही आणि हे बहुतेकांच्या वादात घडते. एमव्हीपीचा मान त्याला सहा वेळा मिळाला, इतका तो अन्य कोणालाही मिळालेला नाही. अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडू तो १९७१ साली ठरला आणि चौदा वर्षांनी, १९८५ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी पुन्हा ठरला. त्याचा स्कायहूक, म्हणजे एका हाताने डोक्यावरून टाकलेला फटका, कसा अडवावा हे एवढ्या काळात कोणालाही सापडले नाही. चेंबरलेन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड, टिम डंकन, हकीम ओलाजुवॉन, शकील ओनील, कोबी ब्रायंट आणि स्टीफन करी यांचा दुसरा गट होतो, आणि त्यांच्यात वर-खाली करण्याइतका सबळ पुरावा मला दिसत नाही.

प्रश्न : साठच्या दशकातील खेळाडू आजच्या संघांपुढे टिकले असते का? तसे नसेल तर त्यांना यादीत वर का ठेवायचे?

उत्तर : खेळाडूची तुलना त्याच्या समकालीनांशी करावी, कारण त्याने खेळ ज्या नियमांत आणि ज्या साधनांनिशी खेळला ते त्याने ठरवलेले नव्हते. चेंबरलेनसारख्यांना आवरण्यासाठी १९६४ साली बास्केटसमोरचा पट्टा १२ फुटांवरून १६ फुटांपर्यंत रुंद केला गेला. तीन गुणांची रेषा एनबीएत आली ती १९७९-८० मध्ये. करीला १९६२ च्या मैदानावर नेले तर त्याच्या दूरच्या फटक्याला दोनच गुण मिळतील, म्हणून आपण त्याला कमी लेखत नाही. मात्र जुन्या आकड्यांना कात्री लावणे आवश्यक आहे. तेव्हा एक संघ एका सामन्यात शंभराहून अधिक फटके मारत असे आणि त्यातले बरेच चुकत, त्यामुळे रिबाउंडची, म्हणजे चुकून परतलेला चेंडू पकडण्याची, संधी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. एका सामन्यातील पंचवीस रिबाउंड तेव्हा आजइतके दुर्मीळ नव्हते.

प्रश्न : अशा याद्यांत एनबीएबाहेरचे खेळाडू आणि महिला का नसतात?

उत्तर : कारण यादी एनबीएची असते आणि शीर्षक मात्र बास्केटबॉलचे दिले जाते. अर्विदास सॅबोनिसची एनबीए संघाने १९८६ साली निवड केली होती, पण तो प्रत्यक्षात खेळायला आला १९९५ मध्ये, तिशी ओलांडल्यावर आणि पायाच्या गंभीर दुखापतींनंतर. त्याआधी १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाचा तो सेंटर होता. ब्राझीलचा ऑस्कर श्मिट एनबीएत कधी खेळलाच नाही. अमेरिकेच्या डायना टॉरासीच्या नावावर २००४ ते २०२४ या काळातील सहा ऑलिंपिक सुवर्णपदके आहेत, आणि इतकी पदके कोणत्याही पुरुष बास्केटबॉलपटूकडे नाहीत. वर मी केलेले गटही एनबीएपुरतेच आहेत. सबंध खेळाची यादी करायची असेल तर टॉरासीपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.