माशीच्या पायावरचा डोळा

अनेक उत्तम आशीर्वाद.

घरचे म्हणाले, "घरातल्या-बागेतल्या माश्यांवर कसला प्रोजेक्ट?" आणि तू विषय बदलायला निघालीस! निफाडकडे फळमाशी म्हटली की लोकांना पेरू-आंबा नासवणारी माशी आणि बागेत टांगलेला कामगंध सापळाच आठवतो. तुझी माशी ती नव्हे. काढणीनंतर बांधावर टाकलेल्या सडक्या द्राक्षांवर घोंघावतं ते चिलट, ड्रॉसोफिला. घरी आधी एवढं सांग, निम्मा वाद मिटेल.

आता जनुकाकडे वळू. माशीतलं 'आयलेस' हे जनुक बिघडलं की डोळा लहान राहतो किंवा येतच नाही. 1994 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की हे माणसातल्या पॅक्स-6 या जनुकाचं भावंड आहे. माणसात पॅक्स-6 च्या दोन प्रतींपैकी एक जरी बिघडली, तरी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा नीट तयार होत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी माशीच्या अळीत आयलेस भलत्याच जागी चालू केलं. पायांवर, पंखांवर, शृंगिकांवर (डोक्यावरच्या मिशांवर) लाल डोळे उगवले. उंदराचं पॅक्स-6 घातलं, तरीही उगवले!

इथे मी घसरलो होतो, म्हणून सांगतो. "माशीच्या पायावर उंदराचा डोळा" असं मी वर्गात रंगवून सांगायचो. एकदा मागच्या बाकावरून दिंडोरीच्या पोराने विचारलं, "सर, मग त्याला पापणी होती का?" कसली पापणी! डोळा माशीचाच होता, शेकडो बारीक भिंगांचा. तुझ्या मोटारीचा स्टार्टर काढून शेजाऱ्याच्या मोटारीला जोडला, तर पाणी शेजाऱ्याच्याच विहिरीचं येणार ना? तसंच हे, जनुक फक्त डोळा घडवायला सुरुवात करून देतं.

तेव्हा प्रोजेक्टमध्ये "माशीचं नि माणसाचं हे जनुक 94 टक्के सारखं" असं ठोकून देऊ नकोस. तो आकडा या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या डीएनएला धरणाऱ्या एका भागाचा आहे, अख्ख्या प्रथिनाचा नाही. परीक्षक नेमकं तिथेच पकडतात, आणि पकडावंच.

माशा वाढवायच्या बाटलीत मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि खाद्य घट्ट करायला अगार. 25 अंशांवर दहा-बारा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र बाटली इन्क्युबेटरबाहेर, म्हणजे तापमान स्थिर ठेवणाऱ्या पेटीबाहेर, ठेवू नकोस. रविवारी घेऊन ये, साध्या माशीचा डोळा आधी भिंगाखाली नीट बघू. कापसाचा बोळा घट्ट लाव. मागे एकीची बाटली आमच्या ओट्यावर उघडली होती, तेव्हापासून आमच्या घरात केळी फ्रिजमध्ये असतात.