रोज दाढी केली की मानेवर लाल पुळ्या येतात, रेझर अँटिसेप्टिकमध्ये बुडवून ठेवूनही फरक नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की रेझर मगात अँटिसेप्टिकच्या पाण्यात बुडालेला असतो, घाईत कधी रूममेटचाही वापरता, आणि दाढीच्या दुसऱ्या दिवशी गळ्याच्या दोन्ही बाजूंना पुळ्या उठतात. तो मग आजच रिकामा करा. पाण्यात पडून राहिलेल्या पात्याची धार लवकर जाते. शिवाय पातळ केलेलं अँटिसेप्टिक दिवसेंदिवस उघडं राहिलं की त्याचा जोर कमी होतो आणि त्यात साबण, केस, कातडीचे कण साठत जातात.

माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी सलून होतं. फेस लावायच्या आधी ते गिऱ्हाइकाच्या मानेवरून कोरडं बोट फिरवायचे, एकदा वरून खाली, एकदा आडवं. बोट जिकडे अडखळतं ती उलटी बाजू. गालावरचे केस बहुतेकांचे खाली वळलेले असतात, मानेवर मात्र कशाचाच भरवसा नाही. कुणाचे कानाकडे आडवे, कुणाचे हनुवटीकडे वर, कुणाला कंठाच्या बाजूला चक्क भोवरा. आपण आरशात बघून सरसकट खालून वर रेझर ओढतो आणि तिथेच बिघडतं. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोट फिरवून आपल्या मानेचा नकाशा एकदा समजून घ्या. मला स्वतःला हा एवढा एक बदल सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

उलट दिशेने, कातडी ताणून ओढलं की केस आधी थोडा वर खेचला जातो, मग कापला जातो, आणि उरलेला खुंट कातडीच्या खाली जाऊन बसतो. त्याचं टोक तिरकं आणि अणकुचीदार असतं. केस कुरळा असेल तर वाढताना तो बाहेर न येता शेजारच्याच कातडीत घुसतो. शरीराला तो काट्यासारखा सलतो आणि पुळी येते. तीन-चार पात्यांच्या रेझरने हे जास्त होतं, कारण पुढचं पातं केस खेचतं आणि मागचं तो आणखी खोल कापतं. अशा पुळीचं मूळ जंतूंमध्ये नसतं, त्यामुळे अँटिसेप्टिक कितीही ओतलं तरी ती येणारच.

केसतूड वेगळं. केसाच्या मुळाशी पिवळं तोंड, हात लावला की ठणका. हे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस या जंतूमुळे होतं. तो धडधाकट माणसाच्या नाकात आणि कातडीवरही असतो, रेझरच्या बारीक ओरखड्यांतून त्याला आत वाट मिळते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे केस वस्तऱ्याने काढू नका, गरजच असेल तर क्लिपर वापरा असं सांगितलं.

आता तुमच्यापुरतं. तीन-चार आठवडे रेझर बंद ठेवा आणि ट्रिमरने साधारण एक मिलिमीटर केस ठेवून दाढी करा. आत वळलेले केस तेवढ्यात बरेचसे आपोआप सुटतात. पिनने उकरू नका, कोमट पाण्याचा कपडा पाच-दहा मिनिटं ठेवा. पुन्हा रेझर धराल तेव्हा आंघोळीनंतर धरा, कारण केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजले की मऊ होतात. हात हलका, दिशा केसांची, आणि फेस गेलेल्या जागी पुन्हा रेझर नाही. हात फिरवल्यावर थोडं खरखरीत लागलं तर लागू द्या. गुळगुळीत हनुवटीच्या हट्टापायीच मान सोलली जाते.

दाढी झाली की रेझर धारेच्या पाण्याखाली धुवा, झटका आणि बाथरूमच्या बाहेर उभा ठेवा. पावसाळ्यात तर बाथरूममध्ये काहीच वाळत नाही. पातं टॉवेलला पुसू नका. पाच ते सात दाढ्यांनंतर बदला, ओढल्यासारखं वाटलं तर त्याआधीच.

रूममेटचा रेझर मात्र पूर्ण बंद. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो आणि न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही पसरू शकतो. लस झाली नसेल तर घेऊन टाका, मोठ्यांना साधारणपणे पहिल्या डोसानंतर एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे एकूण तीन डोस असतात. सलूनमध्ये गेलात तर ब्लेडचा कागद तुमच्यासमोर फाटला पाहिजे. वडील नवं ब्लेड कागदात असतानाच दुमडून मोडायचे, कट् असा आवाज यायचा, आणि मग अर्धं वस्तऱ्यात बसवायचे. हे बघायला, मागायला अजिबात लाजू नका. तुरटी घरची, स्वतःची असेल तर ठीक आहे, पण सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला तोच खडा कापलेल्या जागी नको.

एक कळकळीने सांगतो. कॉलेजात असताना अशाच पुळ्यांवर मला औषधाच्या दुकानातून तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब मिळाली होती. दोन दिवसांत चेहरा स्वच्छ झाला, महिन्याभरात दुप्पट पुळ्या. तिच्यात स्टेरॉइड होतं. दाढीत गोल, खाजणारा, कडेने वाढणारा चट्टा असेल तर ते गजकर्ण असू शकतं, आणि स्टेरॉइडने ते दबल्यासारखं दिसून आत पसरत राहतं. चट्टा असेल, सूज वाढत असेल, ताप आला असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. नाकाजवळचं किंवा वरच्या ओठावरचं गळू कधीच पिळू नका.

आणि जुनी पाती सुटी कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या डब्याला वर चीर पाडून त्यात साठवा आणि भरला की डबा चिकटपट्टीने बंद करून, वर लिहून, घंटागाडीवाल्यांच्या हातात वेगळा द्या.