वास सालीत असतो, रसात नाही

प्रश्न : ताई, यंदा नाताळाला मनुका-बदाम घातलेला पानेत्तोने, म्हणजे इटलीतला गोड पाव करायचं ठरवलंय. पाककृतीत पाकवलेली सिट्रॉनची साल आणि ‘फियोरी दी सिचिलिया’ नावाचा अर्क सांगितलाय. क्रॉफर्ड मार्केट पालथं घातलं, दोन्ही मिळालं नाही. ऑरेंज इसेन्स घालून एक पाव केला, तर त्याला खोकल्याच्या औषधाचा वास! त्याऐवजी संत्र्याचा रस घातला तर चालेल का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : रस घालू नका. रसात आंबटपणा, साखर आणि पाणी. वास सालीतल्या तेलात. खात्री करायची असेल तर संत्र्याच्या सालीचा तुकडा पणतीच्या ज्योतीशेजारी धरून दुमडा. बारीक फवारा उडतो आणि ज्योतीत चटचट ठिणग्या फुटतात. ते तेल आपल्याला पावात हवंय.

तेव्हा दोन संत्री आणि एक लिंबू घ्या. या दिवसांत नागपुरी संत्री दादरच्या मंडईत ढिगानं असतात, पण त्यांची साल सैल. एकदा सोललं की किसता येत नाही, म्हणून आख्खं फळ गरम पाण्यानं घासून, पुसून, मग बारीक किसणीवर हलक्या हातानं फिरवायचं. फक्त केशरी थर. खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. कागदी लिंबाची साल अगदी पातळ असते, तिथे जास्तच जपून.

हा कीस मऊ लोण्यात बोटांनी चोळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवा. तेल लोण्यात उतरतं आणि भट्टीतल्या उष्णतेतही बरंचसं टिकतं. पानेत्तोनेत लोणी भरपूर असतं, इटलीच्या 2005 च्या नियमानुसार निदान 16 टक्के, त्यामुळे ही युक्ती इथे फार शोभते. अर्धा किलो मैद्याला एवढा कीस आणि चमचाभर व्हॅनिला पुरे. फियोरीचा स्वाद संत्रं, लिंबू आणि व्हॅनिला यांच्या जवळपासचाच असतो, त्यामुळे काही हरवल्यासारखं वाटणार नाही.

खाण्यायोग्य संत्र्याचं तेल मिळालं तर तेही चालेल, पण ते इसेन्सपेक्षा कितीतरी तीव्र. पाव चमच्याच्या पुढे जाऊ नका.

रस वाया घालवू नका. मनुका त्यात रात्रभर भिजवा, सकाळी निथळून पुसून घ्या. पिठात थेट घालायचाच असेल तर जेवढा रस तेवढं दूध कमी करा, आणि दोन्ही एकत्र आधी मिसळू नका, दूध फाटतं.

आता पाकवलेली साल. सिट्रॉन म्हणजे आपलं महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. मुंबईत सहजी मिळत नाही. त्याच्या जागी मी पपनस घेते, आणि मला तेच जास्त आवडतं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत पपनस खाल्लं की जाड साल टाकायची नाही. पिवळा-हिरवा थर वरवर काढा, पांढऱ्या गराचे बोटाएवढे तुकडे करा, थंड पाण्यात घालून उकळी आणा, पाणी ओता. असं तीनदा. मग साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन मंद आचेवर तुकडे पारदर्शक होईपर्यंत शिजवा, जाळीवर सुकवा. आत्ता पपनस नसेल तर मोसंबीच्या जाड सालीचं असंच करा.

आणि टुटीफ्रुटीचं पाकीट? कच्ची पपई पाकात शिजवून रंगवलेली असते ती. मुलांना आवडत असेल तर मूठभर घाला, पण लिंबूवर्गीय चव तिच्याकडून मागू नका.

दालचिनीचा मोहही आवरा. जास्त झाली की यीस्ट मंदावतं आणि पीठ फुगायला उगाच वाट बघावी लागते.

प्रश्न : सालीऐवजी मार्मलेड चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हो, दोन मोठे चमचे. त्यातल्या साली बारीक चिरून घ्या आणि पाककृतीतली साखर तेवढ्याच मापानं कमी करा.