लहान शहरात फॅमिली डॉक्टर शोधताना

अमेरिकेतल्या लहान शहरात बिऱ्हाड हलवलं की घर, शाळा, गाडी ही कामं पटापट उरकतात. डॉक्टरचं मात्र ‘कोणी आजारी पडलं की बघू’ म्हणून राहून जातं. तेवढं करू नका. नवीन पेशंटला पहिली अपॉइंटमेंट अनेकदा काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी मिळते. ताप चढल्यावर फोन फिरवायला बसलात तर हाती अर्जंट केअर, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय तातडीचे उपचार देणारं क्लिनिक, एवढंच उरतं.

विमा कंपनीची यादी बघा, पण तिच्यावर विसंबू नका. यादीतले काही डॉक्टर गाव सोडून गेलेले असतात, काहींनी नवीन पेशंट घेणं थांबवलेलं असतं. थेट क्लिनिकला फोन लावा आणि कार्डावरचं प्लॅनचं नाव जसंच्या तसं वाचून दाखवा, कारण एकाच कंपनीच्या एका प्लॅनला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असं सर्रास असतं. नकार आला तरी लगेच फोन ठेवू नका. तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरकडे (पेशंट तपासून औषधं लिहून देणारी, जास्तीचं शिक्षण घेतलेली नर्स) जागा आहे का, वेटिंग लिस्टवर नाव घालाल का, हे विचारून घ्या.

घरात लहान मुलं असतील तर इंटर्नल मेडिसिनपेक्षा फॅमिली मेडिसिनवाला बरा. इंटर्निस्ट, म्हणजे इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर, मोठ्यांनाच बघतो. फॅमिली मेडिसिनच्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत (पदवीनंतरच्या प्रशिक्षणात) तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे येतात. नावापुढे एम.डी.ऐवजी डी.ओ. (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी) दिसलं म्हणून बिचकू नका, दोघांनाही पूर्ण लायसन्स असतं. आणि ‘आपलाच’ डॉक्टर हवा हा हट्ट लहान गावात परवडत नाही.

गावातल्या हॉस्पिटलात फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी असेल, तर मी आधी त्यांच्याच क्लिनिकला फोन करायला सांगेन. दर उन्हाळ्यात नवे रेसिडेंट येतात आणि त्यांना पेशंट हवेच असतात. ते शिकाऊ असले तरी वर अनुभवी डॉक्टरांची देखरेख असते. वेळही जरा जास्त देतात. तोटा एवढाच, की शिक्षण संपलं की तुमचा डॉक्टर बदलतो.

पहिल्या भेटीला मुलांच्या लसींचे कागद आणि औषधांची जेनेरिक नावं न्या. भारतातली ब्रँडची नावं तिथे कोणाला कळायची नाहीत. दोन गोष्टी आपण होऊन सांगा. लहानपणी टीबीविरुद्धची बीसीजी लस घेतली असेल तर टीबीची त्वचेवरची चाचणी उगीचच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी मागा. दुसरं मधुमेहाचं: आशियाई वंशाच्या लोकांमध्ये तपासणीसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) मर्यादा 25 नव्हे, 23 धरतात. अंगाने बारीक दिसणाऱ्यांची ही तपासणी हमखास राहून जाते.

जागा मिळाली की वर्षातून एकदा तरी तपासणीला जा. नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरकडच्या, वार्षिक प्रतिबंधक तपासणीला बहुतेक प्लॅनमध्ये कोपे (भेटीमागे आपल्या खिशातून भरायची ठरावीक रक्कम) नसतो. तीन वर्षं त्या क्लिनिकमध्ये फिरकला नाहीत, तर बिलाच्या नियमांनुसार तुम्ही पुन्हा ‘नवीन पेशंट’ ठरता. क्लिनिकने नवीन पेशंट घेणं तोवर बंद केलेलं असेल, तर शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून.